भोंग्याखालची बेबे

४ फेब्रुवारी
"अमरजोत, वाचलंस ते ऐकलंस का?" — मी अकरा वर्षांची असताना बापूजींनी, माझ्या वडिलांनी, विचारलं होतं. मी पाठ घडाघडा म्हणून दाखवला होता आणि शाबासकीची वाट बघत होते.

त्यांना जाऊन वर्ष झालं; उद्यापासून बरसीचा अखंड पाठ, सगळा गुरू ग्रंथसाहिब न थांबता. दोन दिवस, दोन रात्री, वाचणारे आळीपाळीने बसणार. धाकट्या भावाने, जगरूपने, सगळं ठरवूनच मला माहेरी बोलावलं. मी म्हटलं, "त्यापेक्षा मीच सावकाश वाचते. घरचेच बसू, अर्थ समजून घेऊ."

"भैणजी, तुझी शाळा तुझ्या सासरी भरव," जगरूप म्हणाला. "भोंगा वेशीपर्यंत ऐकू गेला पाहिजे. लोकांना कळायला नको, बरसी आहे ते?"

बेबे, आमची आई, लसूण सोलत राहिली. वर्षभर रोज संध्याकाळी फोनवर तिला ग्रंथातला एक शबद वाचून अर्थ सांगते. ती नुसतं 'हूं' करते. डुलकी लागत असावी.

५ फेब्रुवारी
पाठाशेजारी नारळ मांडलाय. बापूजींनी पाठात असलं कर्मकांड कधी चालू दिलं नव्हतं! उचलून स्वयंपाकघरात नेला. भावजय म्हणाली, "खिरीत किसून घालू?" दोघी पोटभर हसलो. जगरूपने तो परत नेऊन ठेवला.

६ फेब्रुवारी
दुपारी पाठाच्या खोलीत गेले. वाचणारे भाईजी एकटे. समोरची सतरंजी रिकामी. बाहेर मांडवात पकोडे, जमिनीचे भाव, कुणाच्या तरी मुलाचा व्हिसा. बेबे तिथंच भिंतीशी, भोंग्याच्या खाली, डोळे मिटून बसलेली.

मी ऐकायला बसले. भाईजी असे धावत होते की शब्दावर शब्द आदळत होता. जगरूपला गाठून म्हटलं, "तो भोंगा तरी बंद कर."

"आधी चहा घे," म्हणाला.

थोड्या वेळाने भोंगा गप्प झाला.

आणि काय धावले सगळे! पाठ खंडला, असं वाटून. हातातले पकोडे टाकून, चपला भिरकावून आत. भाईजी वाचतच होते. आत आलेल्यांना आता उठायची लाज, म्हणून बसले. खोली भरली. एवढी माणसं बघून भाईजींचा वेग आपोआप उतरला. जरा वेळ का होईना, बापूजींच्या घरात पाठ ऐकला गेला.

मग कुणीतरी भोंग्याची वायर उपटल्याचं लक्षात आलं. जगरूप सगळ्यांदेखत म्हणाला, "बापूजींच्या बरसीला तरी हट्ट सोडायचास, भैणजी."

मी उपटली नव्हती. पण तसं म्हटलं नाही. म्हटलं, "पाठ चालूच होता. तुम्ही आज पहिल्यांदा आत आलात, एवढंच."

७ फेब्रुवारी
पाठाचा भोग झाला, पाठ संपला. जगरूप म्हणतो, माफी माग, नाहीतर पुन्हा या घरी येऊ नकोस. नाही मागणार.

८ फेब्रुवारी
बॅग भरत होते. बेबे येऊन शेजारी बसली. "वायर मी काढली," म्हणाली. "तू फोनवर सांगतेस ते कळतं गं. त्या भोंग्यात एक अक्षर कळेना." मग हळूच, "जगरूपला सांगू नकोस, पुत्तर. तू निघून जाशील. मला इथंच राहायचंय."

बसला अजून वेळ आहे. तिला म्हणणार आहे, माझ्याबरोबर चल, उरलेलं समोरासमोर बसून वाचू. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही ती. नाहीच म्हणेल.

तरी विचारते.