बाबांना सगळं ऐकू आलं

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? (उजवा की डावा, ते फोनवर कळलं नव्हतं; दोन्हींची चौकशी केली असं समजावं.) आमच्याकडे कायमचं राहायला येण्यासाठी तुम्ही सामान बांधायला घेतलंय. ते तूर्त थांबवा आणि आधी हे वाचा.

आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना गोदामाच्या जाड भिंती आहेत. मोबाइलला रेंज मिळते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर. म्हणून बाबांचा फोन खिडकीतच मुक्कामाला असतो, आणि तुमचा फोन आला की बाबा स्टुलावर चढून, डोकं बाहेर काढून बोलतात. ऐकू येतो दर तिसरा शब्द. खालून, अंगणातून, शेजारच्या शिंपीणकाकू "हो म्हणा, हो म्हणा" असं सुचवतात. (त्यांना तर फोनवरचं काहीच ऐकू येत नाही, पण स्वभाव हौशी.) बाबा हो म्हणतात. अशी वर्षं गेली.

शेवटी मी वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. नंबर तोच, सिम तेच, फक्त आवाज टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. सेटिंग्जमध्ये एक बटण दाबायचं असतं. (ते आधी दिसेचना, म्हणून फोन अपडेट केला. स्क्रीन काळी झाली तेवढ्यात आईने "गेला का गं?" म्हणत डोळ्यांना पदर लावला.) मग बाबांना म्हटलं, आता खुर्चीत बसून बोला. ते म्हणाले, "खुर्चीत बसून ताईशी? शोभतं का ते?" आणि चढले स्टुलावर. डोकं बाहेर गेलं की वाय-फाय तुटायचं. म्हणून राउटर हॉलमधून स्वयंपाकघरात आणला, मग खिडकीत, आणि अखेर कपड्यांच्या दोरीवर, बनियनच्या शेजारी, चिमट्यांनी लटकवला. (ही जोडणी आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.)

रविवारी तुमचा फोन आला आणि बाबांना तुमचं प्रत्येक वाक्य प्रथमच स्वच्छ ऐकू आलं. तू इतका आग्रह केलास म्हणून मी घर सोडतेय, असं तुम्ही म्हणालात. बाबांनी खाली पाहिलं. काकू म्हणाल्या, "हो म्हणा!" बाबा म्हणाले, "ताई, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. हे मी तांत्रिक जबाबदारीने लिहिते.

नंतर ते बराच वेळ, मी आजवर आणखी कशाकशाला हो म्हटलंय, असं आईला विचारत होते. मग माझ्या खोलीत मोजायची टेप लावून म्हणाले, ताईचं कपाट इथे मावणार नाही. मीही मोजलं. खरंच मावत नाही. तरी येण्याचा फेरविचार व्हावा, असं त्यांनी कळवायला सांगितलंय. कळवलं.

तुमची आज्ञाधारक भाची

ता. क. माझी कॉट आणि टेबल तिथे आहेत तोवरच कपाट मावत नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही नसतील. मला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. घरी कोणालाच सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. तेव्हा बांधाबांध पुन्हा सुरू करा, आणि कपाट पुढे पाठवा. ते दारात अडकलं की बाबा हमालांशी भांडत बसतील. तेवढ्यात मी आईला नोकरीचं सांगून टाकीन. बाबांना तुम्ही सांगा. आणि मी निघण्याआधी या. आईला मागे घर रिकामं वाटू नये, असा विचार आहे. (हे तिला कळवू नये.)