एबीएसचा पिवळा दिवा

जळोची, ४ ऑक्टोबर २०२५

ती. रामहरीमामांस, सुप्रियाचा शि. सा. न.

फोनवर रडू येतं, म्हणून पत्र. दिवाळीला कळंबला बोलावलंत, पण मी येणार नाही. दसऱ्याला तुमच्या गाडीतून तुम्हाला इथं मीच चालवत आणलं. वाटेत ब्रेकच्या एबीएसचा पिवळा दिवा लागला, आणि आमच्या अंगणात सासूसासऱ्यांदेखत तुम्ही म्हणालात की, या पोरीनं खड्ड्यात आदळून ब्रेकची वाट लावली. तेव्हापासून सासरे घरच्या गाडीची किल्ली देत नाहीत. कामाला वडापच्या जीपनं जाते.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
सुप्रिया

कळंब, ९ ऑक्टोबर

चि. सुप्रियास, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून मामी माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

दिवा विझेना म्हणून काल मी आणि आपला अविराज दारातच गाडी खोलून बसलो. ब्रेक ऑइल भरलेलं, फ्यूज शाबूत. मग लेकानं मित्राचं तपासायचं यंत्र स्टिअरिंगखाली जोडलं. त्यात मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बिघडलेला दाखवला. चाक काढलं तर त्याच्या वायरचा जोड सुटलेला, आत पाणी आणि चिखल. आबा, गाडी कशानं धुतली व्हती, असं अविराजनं विचारलं आणि माझी मान खाली गेली. दसऱ्याच्या पूजेला चकचकीत दिसावी म्हणून आदल्या दिवशी मीच डाळिंबाच्या फवारणीचा पंप लावला होता, चाकांच्या आतपर्यंत नळी घालून. खड्डा नव्हताच, पोरी.

जोड वाळवून घट्ट बसवला, एक चक्कर मारली, दिवा गेला. माझी लाज जात नाही. हे पत्र सासऱ्यांना दाखव. त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर मला होत नाही.

राग धर, पण मामाला टाकू नकोस.

रामहरी

जळोची, १३ ऑक्टोबर

ती. मामांस, शि. सा. न.

आधी हसले, मग रडले. फवारणीचा पंप! गाडीवर कीड पडली होती का हो मामा? तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात की मलाही वाटलं, असेल आपलीच चूक. रोज रात्री तो न दिसलेला खड्डा आठवत बसायची.

पत्र मात्र मी दाखवणार नाही. बोललात तोंडानं, तर खुलासाही तोंडानंच करा. येत्या रविवारी या, सगळे घरी आहेत. तुम्हाला लाज वाटेल, ठाऊक आहे मला. दसऱ्यापासून ती मी वागवतेय, आणि ती माझी नव्हतीच.

बोलून झालं की दिवाळीला तुमच्याबरोबर येते. गाडी मी चालवीन.

मामाच्या मायेवर हक्क सांगणारी,
सुप्रिया