खुंटाळ्याचे नवे रंग

देऊळगाव राजा
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजू,

पाकीट बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, साखर ताब्यात आहे आणि रात्री दाराची कडीही मी आठवणीनं लावते. दर रविवारी तू फोनवर विचारतेस, 'आई, दिवस कसा जातो गं तुझा?' आणि मी 'जातो बाई' म्हणून तुझ्या लेकीच्या शाळेवर घसरते. खरं म्हणजे गेलं वर्षभर मला दिवस पुरत नाहीये. हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर मधेच मला हसू आलं असतं, नाहीतर तुझ्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या असत्या. म्हणून लिहायला बसले. चित्रकलेच्या बाईचं अक्षर आहे, लागेल तुला.

समोरच्या खोलीतलं खुंटाळं आठवतं ना? लोखंडी सळईचं, सागाच्या पाठीचं, नऊ रंगीत लाकडी गोळ्यांचं. तिसरीत असताना तू त्याला दप्तरासकट लोंबकळलीस आणि एक गोळा तोडलास. तुझ्या आजोबांनी बासष्ट साली हे घर बांधलं तेव्हा ते खुंटाळं, बारीक पायांचा पेपर-स्टँड आणि कुंडीची तिपाई, असा तिन्हींचा संच जालन्याहून आणला होता. तेव्हा ती फार नवलाची चीज होती म्हणे; लोक बघायला यायचे. तुझे बाबा गेल्यावर त्यांचा निळा शर्ट मी कितीतरी महिने त्या खुंटाळ्यावरून काढला नव्हता, तुला माहीत आहे. मी रिटायर झाले आणि एक दिवस मनाशी म्हटलं, पुरे. तिन्ही वस्तू ऑटोत घातल्या आणि जालना रोडवर भंगारवाल्याकडे निघाले.

भंगाराच्या दुकानाला लागूनच एक वर्कशॉप आहे. तिथून एक गृहस्थ लाकडाचा भुसा झटकत बाहेर आले आणि ऑटोतून माझं खुंटाळंच काढून घेतलं. म्हणाले, 'मॅडम, हे काऊन भंगारात टाकून राह्यल्या? हा माल आता पाहाले मिळत नाही.' मी म्हटलं, 'गंजलाय, मोडलाय, घरात अडचण होते.' तर म्हणाले, 'मग पंधरा दिवस माह्याकडं राहू द्या.' हे प्रसेनजित सर. मूळचे दुसरबीडचे, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे, माझ्याआधी दोन वर्षं रिटायर झालेले. त्यांच्या पत्नीला जाऊन बारा वर्षं झाली.

पंधरा दिवसांनी गेले तर टेबलावर दोन खुंटाळी. एक आपलं, दुरुस्त केलेलं. दुसरं त्याच मापाचं, पण नवं. त्याची पाठ होती पऱ्हाटीच्या फळीची. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाटी उपटून शेताच्या धुऱ्यावर पेटवून देतात ना, तिचाच भुगा दाबून ती फळी करतात. गोळे बाभळीचे, बांधावर छाटलेल्या फांद्यांतून कातलेले. 'एकबी झाड पाडलं नाही,' असं ते इतक्या अभिमानानं म्हणाले, की मी पुन्हा एकदा नीट बघितलं. आणि बघितल्यावर राहवलं नाही. म्हटलं, 'सर, वस्तू सुरेख आहे, पण रंग फसलेत.' त्यांनी जुन्यासारखेच भडक लाल, पिवळे, काळे रंग दिले होते, तेही डब्यातले, नाकाला झोंबणारे. म्हणाले, 'साठ सालचा माल साठ सालावानीच दिसला पाहिजे.' मी म्हटलं, 'मग पाठही सागाचीच करायची होती.' मग त्यांनी एक कोरा गोळा माझ्या हातात ठेवला. 'करून दाखवा.'

मंजू, तीस वर्षं मी मुलींना कलशात आंब्याची पानं काढायला शिकवली. माझ्यासाठी रंग असे कधी घोटलेच नव्हते. गेरू, पिवडी, नीळ, काजळी, सगळं जवसाच्या तेलात. सीताफळाच्या सालीचा हिरवा जमायला आठ दिवस लागले. तुरीच्या फुलाचा पिवळा, त्यावर त्या तांबूस रेघांसकट. पाऊस पडून गेल्यावरच्या रानाचा काळा. सरांनी हिरवा गोळा उन्हात धरला, फिरवला आणि दुसऱ्या दिवशी डब्यातले सगळे रंग भंगारवाल्याला देऊन टाकले. तोंडानं मात्र एवढंच म्हणाले, 'बरा आहे.'

मग हर्षलचं काम आलं. हा आपल्या गावातला पोरगा, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी अभ्यासिका काढत होता. त्याला बालाजीच्या यात्रेआधी चाळीस खुंटाळी आणि दहा पेपर-स्टँड हवे होते. आम्ही मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, आणि सप्टेंबरात पावसानं बूड हलवलं नाही. जवसाचं तेल वाळेना. वर्कशॉपचा पत्रा गळला आणि बारा फळ्यांच्या कडा फुगून पाव झाल्या. सर फळ्यांसमोर नुसते बसून राहिले. 'माह्यं चुकलं, मॅडम. कडा आधीच तेलानं बंद कराले पाहिजे होत्या.' इतकी वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, त्याचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, माझं घर कोरडं आहे, पंखे चार आहेत, उचला सगळं.

आठ दिवस आपल्या घरात चालायला जागा नव्हती. फळ्यांच्या फुगलेल्या कडा सर घासायचे, मी तेल पाजायची. समोरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या आणि त्यांवर साडेतीनशेवर गोळे. जनकाबाई दूध द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. 'मॅडम, लाडू दोरीवर वाळू घातले का?' सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच पाहिजे. चहा झाला की सर स्वतःची कपबशी धुऊन ओट्यावर पालथी घालायचे. रोज. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते बौद्ध, आपण मराठे. आपल्याच गल्लीत कोणाकोणासाठी कप वेगळा ठेवलेला मी लहानपणापासून बघितलाय आणि गप्प बसलेय. मी त्यांच्या हातून बशी ओढून घेतली आणि जवळजवळ रडतच म्हटलं, 'या घरात असं करायचं नाही.' ते गोंधळले. मग हसून म्हणाले, 'अहो, बारा वर्षं एकटा राह्यतो. भांडं पडलेलं पाहवत नाही मले.' आणि कप पुसत म्हणाले, 'पण तुम्ही बोलल्या ते बरं केलं. कुठं कुठं तेही कारण होतं.' त्या दिवसापासून कपबश्या दोघं मिळून धुतो.

यात्रेच्या तीन दिवस आधी अभ्यासिका उघडली. पोरंपोरी आली, दप्तरं अडकवली आणि आपापला रंग धरून बसली. हिरव्यावरून तर दोघींचं भांडण झालं! हर्षलनं सरांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, 'लाकूड मी कातलं. पण हे नवं झालं ते जयमाला मॅडमच्या रंगांनी.' माझं नाव घेतलं, मंजू. कोणाची बायको नाही, कोणाची आई नाही. शाळेतही मला सगळे 'ड्रॉइंगच्या बाई' म्हणायचे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. दसऱ्यानंतर एक नमुना दाखवायला आम्ही बुलढाण्याला गेलो. चिखलीच्या पुढे, बसमध्ये, चादरीत गुंडाळलेलं खुंटाळं मांडीवर घेऊन मीच त्यांना विचारलं, 'लग्न कराल का माझ्याशी?' कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला. प्रसेनजितनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'हाव.' एवढंच. ऑक्टोबरअखेर आम्ही नोटीस दिली. पाच डिसेंबरला शुक्रवारी, अकरा वाजता, बुलढाण्यात नोंदणी आहे. तुझ्या भगवानकाकांना मी आधीच सांगितलं. त्यांनी फोन आपटला, तो अजून उचललेला नाही. उचलतील किंवा नाही उचलणार. बाबांवरची माझी माया कणभरही उणी झालेली नाही, हे तुला सांगावं लागू नये, तरी सांगते. मी तुझी परवानगी मागत नाहीये, बाळा. कायद्यानं तीन साक्षीदार लागतात. एक जनकाबाई, एक हर्षल. तिसऱ्यासाठी प्रसेनजितनं चार नावं सुचवली, मी चारही नको म्हटली. ती जागा रिकामी ठेवली आहे. येताना आधार कार्ड आण आणि सहीसाठी तुझा तो चांगला पेन.

तुझीच,
आई