संस्कृतीचा विषय आणि माझं मार्गदर्शन

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
नव्या वर्षातलं पहिलं मोठं काम. आमची संस्कृती संभाजीनगरला विद्यापीठात एम.एस्सी. कॉम्प्युटर करते. पुढच्या सेमिस्टरला चार विषयांतून एक निवडायचाय. कंपायलर, मशीन लर्निंग, क्लाउड, सायबर सिक्युरिटी. शेवटची तारीख १२. घरी आली होती तेव्हा म्हणाली, बघते मी पप्पा. म्हणजे पोरगी गोंधळलीय. मी मुलांवर काही लादत नाही. फक्त मार्गदर्शन. मागं लातूरला दोन वर्षं मेडिकलची तयारी करायला पाठवलं, तेही मार्गदर्शनच होतं. नंबर थोडक्यात हुकला. निर्णय चुकला नव्हता.

६ जानेवारी.
अभ्यास सुरू. घाटनांदूरच्या स्टँडवर युवराज ऑनलाइन फॉर्म भरून देतो, त्याच्याकडं दीड तास बसलो. मशीन लर्निंग नको, मुलीनं ग्रीसमध्ये हात घालायचे का? युवराज म्हणाला, आण्णा, मशीन न्हाई हो, त्यात डेटा असतो. तो दहावीला दोनदा बसलाय, त्याचं काय ऐकायचं. क्लाउडमध्ये आपलं सामान दुसऱ्याच्या जागेत ठेवतात म्हणे. आपल्या घराण्याला हे जमणार नाही. कंपायलर हा शब्द बातम्यांत एकदाही ऐकला नाही.
निर्णय : सायबर. सायबर सेल, डीवायएसपी, गाडी.

८ जानेवारी.
हॉटेलात दहा-पंधरा लोक होते. सहज सांगितलं, संस्कृती सायबरला चालली. भारत तिथंच होता. पंचायत समितीला मला पाडून निवडून आलेला तो. म्हणाला, तिनं ठरवलं का तुमी? मी म्हणालो, ठरलंय. मराठी व्याकरणात हे वाक्य फार सोयीचं.
घरी संस्कृतीची आई विमल म्हणाली, पोरीला इचारलं का? विचारलं म्हणून सांगितलं. उद्या विचारणारच आहे, म्हणजे खोटं नाही.

९ जानेवारी. दुपारी १.
तीन कॉल कट झाल्यावर चौथा उचलला. सायबरचे फायदे सांगितले. ती म्हणाली, पप्पा, ऐका तरी. मी ऐकणारच होतो, पण आधी मुद्दा पूर्ण केला. तेवढ्यात रेंज गेली. नाही म्हणाली नाही, म्हणजे होकार.

११ जानेवारी, रविवार.
सकाळपासून तिचा फोन बंद. सात मेसेज टाकले, एकही पोचल्याची खूण नाही. बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदा, आठवत नाही. विमल निवांत तुरीच्या शेंगा सोलत बसलीय. म्हणालो, तुला काळजी कशी न्हाई? म्हणाली, कशाची? फोन बंद हाय, पोरगी न्हाई.
उद्या स्वतः जातो. हे लादणं नव्हे. प्रवास आहे.

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी २.
पहाटे निघालो. सोमनाथ ड्रायव्हरनं एकदाच चहाला गाडी थांबवली, तेवढ्यावरूनही त्याला बोललो. पाचला फॉर्म बंद. विद्यापीठात विभागप्रमुख सुकन्या मॅडम भेटल्या. खुर्ची दिली. मी ओळख सांगितली, पंचायत समितीचा माजी सदस्य हेही सांगितलं. म्हणालो, मुलीचा विषय सायबर करून टाका. मॅडमनी कॉम्प्युटरवर बघितलं. म्हणाल्या, तिनं दोन तारखेलाच कंपायलर भरलंय. अवघड विषय आहे, सातच जण आहेत, चाचणीत ती पहिली आली. फॉर्ममध्ये ‘घरी चर्चा केली का’ असा रकाना. समोर लिहिलं होतं : होय, आईशी.
बदल करायचा तर विद्यार्थ्यानं स्वतः यायचं. अजून तीन तास आहेत. लॅबकडं निघालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६. गाडीत.
लॅबच्या काचेतून बघितलं. संस्कृती फळ्यापाशी उभी राहून सहा पोरांना काहीतरी समजावत होती. मोठ्यानं हसत होती. लातूरहून आल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला बघून थांबली. बाहेर आली तेव्हा तोंड पांढरं.
म्हणालो, कावून सांगितलं न्हाई?
म्हणाली, सांगायलाच आलते पप्पा, नव्या वर्षाला. तुमी म्हणलात, थांब, मी सांगतो. मग तुमी सांगतच ऱ्हायलात.
मग म्हणाली, लातूरची दोन वर्षं तुमी भरलेल्या फॉर्मवर काढली. रोज सकाळी उठावं वाटत नव्हतं मला. ते तुमाला म्हाईत न्हाई. आईला हाय. आता तुमी बदल म्हणलात तर बदलते. पण मग इथं ऱ्हाणार न्हाई, बॅग भरून तुमच्यासंगंच गाडीत बसते.
ओळखपत्र हातात घेऊन ती ऑफिसच्या दिशेनं उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वीस.
मी म्हणालो, इकडं दुसरं काम होतं. सहज डोकावलो.
तिनं ओळखपत्र परत गळ्यात घातलं. मग म्हणाली, जेवलात का? मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. ती आत गेली. काचेतून परत बघायचं धाडस झालं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी.
इथं नोंद करायला बसलो की माझ्या मार्गदर्शनाखाली मुलीनं कंपायलर निवडलं. ‘कंपायलर म्हणजे’ एवढं लिहून थांबलो. विमलला हाक मारली, तुला काही म्हाईत हाय का? तिनं पंधरा मिनिटं समजावलं. आपण लिहिलेलं मशीनला कळत नाही, मग ते त्याच्या बोलीत करून देणारा तो कंपायलर. करताना चूक कुठं आहे तेही सांगतो. मी मध्ये फक्त दोनदा बोललो.
विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?
म्हणाली, पोरगी सांगती की फोनवर. रोज साडेसातला, इथंच बसून.
मी म्हणालो, साडेसातला तर मी घरातच असतो.
म्हणाली, असता की. बोलत असता.