पुलाखालचा जावई

गुरुवार, ३० ऑक्टोबर
ठरलं म्हणजे ठरलं. या वीकेंडला बुलेट आणि जुने पूल. मेन रोड नाही, सगळे आतले रस्ते. शनिवारी मूल, गडचिरोली करत आलापल्ली, मुक्काम. रविवारी बारापर्यंत सिंदेवाहीजवळ सासुरवाडीला हजर.

तिथे रविवारी मंडई आहे. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा, तिच्यात नाटकं होतात आणि सोयरिकी जमतात. धाकट्या मेहुणीला, मयुरीला, बघायला पाहुणे येणार आहेत. मी मोठा जावई. माझ्याशिवाय बैठक सुरू होणं शक्य नाही.

मयुरीचा फोन आला होता. आलापल्लीला नर्स आहे. म्हणाली, "भाऊजी, एकच विचारजा. लग्नानंतर मले नोकरी करू देतीन का? बाबा लाजते, नाई विचारत." शब्द दिला. एक प्रश्न तर विचारायचा.

बायकोला, ज्योत्स्नाला, सांगितलं की आलापल्लीला इन्स्पेक्शन आहे, तिकडूनच येतो. हे खोटं नाही. पूल बघणं म्हणजे इन्स्पेक्शनच. फक्त ऑफिसचं नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
ज्योत्स्ना एसटीने माहेरी गेली. जाताना चकल्या-अनारशांचा डबा हातात दिला. "तिकडे तुमच्या जेवणाचे हाल होते." खरं सांगणारच होतो, पण बस वेळेवर सुटली. एसटीसुद्धा नेमकी आजच वेळेवर.

'पूल दर्शन' ग्रुपमधले दोघंही गळाले. एकाची धानकापणी, दुसऱ्याची बायको. इतिहासाची किंमत नाही कुणाला.

शनिवार, १ नोव्हेंबर, सकाळ
पहिला पूल! दगडी कमान, चुन्यातलं बांधकाम. पुलावर एका बाईने धान वाळत घातलं होतं. विचारलं, पूल कधीचा? म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या आधीचा. धानावरून गाडी नका नेऊ." गाडी ढकलत नेली. पुलाखाली बसून दोन चकल्या खाल्ल्या. ज्योत्स्नाच्या हातच्या. तिसरी डब्यात परत ठेवली.

शनिवार, संध्याकाळ, आलापल्ली
दुसरा पूल पाडून नवा बांधलाय. नव्याचाच फोटो काढला. तिसरा सापडला नाही.

मयुरी कालच गावी गेली, तरी तिच्या दवाखान्यासमोर चहा घेतला. म्हणजे तिच्यासाठीच इथवर आलो, असंही म्हणता येईल. टपरीवर वच्छलाबाई म्हणून दवाखान्यातल्या आया भेटल्या. म्हणाल्या, "मयुरी सिस्टर हाये म्हून पोरीयले बाळंतपणाचं भेव नाई वाटत. लगन करून गेली त कसं करावं?" मी म्हटलं, काळजी करू नका, उद्या मी बोलणार आहे. बाई उठून नमस्कार करून गेल्या. मग चहा कडू लागला.

निश्चय: उद्या कुठेही थांबायचं नाही.

रविवार, २ नोव्हेंबर, दुपारी १२.३०, पुलाखाली
थांबलो. पण हा पूल सासुरवाडीपासून हाकेवर आहे, पाच मिनिटांचं काम. आणि आतला रस्ता, चिटपाखरू नसणार.

मंडईच्या दिवशी झाडीपट्टीत एकही रस्ता रिकामा नसतो. जन्मभर बघतोय, तरी विसरलो. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, नवी लुगडी, मांडीवर पोरं. त्यातल्या एका ट्रॉलीत केसरबाई दिसल्या. ज्योत्स्नाच्या काकू. इन्स्पेक्शनला गेलेला जावई इथे कमानीचे फोटो काढताना दिसला असता तर संपलंच. चटकन खाली उतरलो. गाडी वरच राहिली. हेल्मेट कठड्यावर.

थोड्या वेळाने
ट्रॅक्टर वरच थांबलाय. केसरबाई ओरडल्या, "हे त आपल्या जवाईबापूची गाडी व्हय! टोपं इथी ठेवून माणूस कुठी गेला?" कुणीतरी म्हणालं, "उडी त नाई मारली?"

नाल्यात गुडघाभर पाणी आहे. उडी मारली तर फार तर पाय मुरगळेल. हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण आता बाहेर यायचं ते काय सांगत? गर्दी पांगली की निघतो.

अजून थोड्या वेळाने
गर्दी वाढली. केसरबाई फोनवर रडताहेत, "ज्योत्स्ने, लवकर पाठव वो कोणाले!" आता निघायलाच हवं. पाच मिनिटांत निघतो.

रविवार, रात्री ९
निघालो नाही. सासरे मुखरूभाऊ आले. पाहुण्यांसाठी घातलेला नवा सदरा, धोतर वर खोचलेलं, हातात बांबू. पाण्यात उतरून बांबूने तळ चाचपत होते. मग कमानीखाली मी दिसलो, मांडीवर डबा आणि वही. मेलो असतो तर बरं, असं त्या क्षणी खरंच वाटलं. सासऱ्यांनी बांबू कमानीला टेकवला. मग म्हणाले, "जेवले का?"

गावातली सगळी गडीमाणसं पुलावर धावली होती. घरात उरले पाहुणे, सासूबाई, ज्योत्स्ना आणि मयुरी. ज्योत्स्ना रडत होती. शेवटी मयुरीनेच पाहुण्यांना विचारलं, "मी नोकरी नाई सोडणार. चालते का?" मुलाचं नाव निकेश. तो म्हणाला, "नका सोडू. मीच तिकडं बदली मागतो." सोयरीक जमली.

म्हणजे तसं पाहिलं तर माझ्यामुळेच जमली. हे ज्योत्स्नाला सांगायला गेलो. ती डबा घासत होती. वर पाहिलं नाही. "आठ चकल्या उरल्या" एवढंच म्हणाली. डोळे सुजले होते.

मयुरीने चहा आणला. "भाऊजी, पूल कसे होते?" हायसं वाटलं. चुन्यातलं बांधकाम, कमानीचा मधला दगड, सगळं समजावून सांगायला लागलो. मान वर केली तर कप ठेवून ती केव्हाच गेली होती.

आता सगळे नाटकाला गेलेत. मला कुणी चला म्हटलं नाही. मंडपात जावयासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची राखलेली असते. दरवर्षी मी बसतो. आज निकेश बसलाय.