पाव गोळी

३ मे १९३२, मंगळवार

पुण्याच्या मेडिकल स्कूलकडून अजून काही नाही. पोस्टमन समोरच्यांकडे कार्ड टाकून सरळ पुढे गेला. त्याचा उगाच राग आला.

अण्णांनी सकाळी पुन्हा ऐकवलं — "मालती, पंधरा जूनपर्यंत वाट पाहीन. मग बार्शीच्या मंडळींना होकार." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मॅट्रिक झाल्यावर मिलच्या पाळणाघरात नोकरी करू दिली, हेच त्यांच्या दृष्टीने फार. मुलांची डॉक्टर व्हायचंय म्हटलं तेव्हा हसले होते. "मुलांना काय वेगळी डॉक्टर लागते? लहान माणसाला लहान डोस, झालं."

५ मे

मिलच्या डॉक्टरसाहेबांनी बालरोगांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं. पुण्याला शिफारसही पाठवतो म्हणाले, "पण आधी काहीतरी करून दाखव."

करून काय दाखवू? तीस पाळणे, तीस मुलं, आणि मी दिवसभर बाळोती मोजते!

९ मे, सोमवार

सापडलं!

वायंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बसव्वाचा निंगू. आठ महिन्यांचा. सगळ्याजणी त्याला गुणी म्हणतात, कारण तो रडत नाही. सकाळचा भोंगा झाला की ती त्याला पाळण्यात ठेवून जाते. दुपारी पाजायला येते तेव्हाही हलवून हलवून उठवावं लागतं. आज मी त्याची पापणी वर करून पाहिली — डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. पुस्तकात अगदी हेच लिहिलंय. अफू!

बसव्वाने काही लपवलं नाही. कामावर येताना बाळगोळी देते म्हणाली. "समद्याच देत्यात की बाई. न्हाय दिली तर रडतंय. मग मी खात्यात कशी थांबू?"

मी तिला फाडफाड बोलले. विष घालतेस पोराला म्हटलं. उद्यापासून एक जरी गोळी दिलीस तर पाळणा बंद. ती घाबरली. कंबरेची डबी काढून माझ्या हातात दिली. मला फार बरं वाटलं. लिहून ठेवते, इथे खोटं कशाला?

१० मे

निंगू दिवसभर रडला. म्हणजे शुद्धीवर आला! डॉक्टरसाहेब खूश. शिफारस आजच टपालात टाकतो म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेले.

१२ मे, गुरुवार

रडणं थांबत नाही. जुलाब, उलट्या. हातपाय थरथरतात. पाजलेलं दूध पोटात ठरत नाही. डोळे खोल गेलेत. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. अफू ओळखावी कशी ते आहे. सोडवावी कशी ते नाही! डॉक्टरसाहेब मुंबईत. मी त्याला घेऊन नुसती येरझारा घालत होते.

पाळणाघरातल्या म्हाताऱ्या आया रंभाबाई झाडता झाडता थांबल्या. "डबी कुटं हाय?"

माझ्या पेटीत होती. डॉक्टरसाहेबांना दाखवायला ठेवली होती — पराक्रम म्हणून!

"विष आहे ते, रंभाबाई."

"व्हय. पर त्येच्या अंगाला लागलंय न्हवं. असं येकदम तोडत न्हाईत, बाई. पाव-पाव करून सोडवत्यात."

मी डबी दिली. त्यांनी गोळीचा नखाने तुकडा काढला, दुधात कालवला, बोटाने त्याच्या जिभेला लावला. पुन्हा थोड्या वेळाने लावला. निंगू निजला. रंभाबाई त्याच्या छातीवर हात ठेवून तिथेच बसून राहिल्या. मी कोपऱ्यात जाऊन रडले.

सुटताना बसव्वाने विचारलं, "उद्या किती देऊ?" मला नाही, रंभाबाईंना.

१३ मे

आहे. बरा आहे. काल होता त्यापेक्षा बरा आहे.

२३ मे

निंगूने पेज खाल्ली. पातेलं ओढून स्वतःच्या अंगावर पालथं केलं. गोळी दोन दिवसांपासून पूर्ण बंद.

२८ मे, शनिवार

पुण्याचं पत्र आलं! प्रवेश मिळाला! वीस जूनला हजर व्हायचं.

आणि पुढे — "अफूमुळे मरणोन्मुख झालेल्या बालकास आपण ज्या तडफेने वाचविलेत ती वाचून आनंद झाला." डॉक्टरसाहेबांनी तसं कळवलेलं. त्यांना पुढचं काय माहीत? परत आले तेव्हा निंगू हसत होता. मीही त्यांना काही सांगितलं नाही.

अण्णांनी पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. आईने देवापुढे साखर ठेवली, मग माझ्या हातावर. ती तशीच मुठीत धरून बसले.

२९ मे

गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? पोर जिवंत आहे. मी तिकडे खूप अभ्यास करीन, शंभर पोरं वाचवीन. खरं कळवलं तर बार्शी.

दिवसभर हेच. आमटीत दोनदा मीठ घातलं.

३० मे

लिहिलं. सगळं. मूल मी वाचवलं नाही, मरायला टेकवलं होतं. वाचवलं आयाबाईंनी. पत्र टपालपेटीत पडल्यावर आत हात घालून काढून घ्यावंसं वाटलं.

अण्णांना सांगितलं. "हा शहाणपणा तुला कुणी विचारला होता?" म्हणाले. डॉक्टरसाहेबांनाही सांगितलं. त्यांनी फक्त पुस्तक परत मागितलं.

७ जून

काही नाही. आईने बार्शीसाठी हिरवं लुगडं काढून ठेवलंय.

११ जून

उत्तर आलं. दोनच ओळी. "प्रवेश कायम आहे. सदर आयाने कोणत्या दिवशी किती मात्रा कमी केली, ते विचारून लिहून आणावे."

अण्णांनी पत्र वाचून, घडी करून मला परत दिलं. मग म्हणाले, बार्शीला नकार कळवतो.

१३ जून, सोमवार

रंभाबाईंपुढे वही घेऊन बसले. त्या बोटांवर मोजून सांगत गेल्या. पहिले दोन दिवस इतकी, मग इतकी, जुलाब लागले तर पुन्हा मागची. अडीच पानं भरली. शेवटी विचारलं, "हे तुम्हांला कुणी शिकवलं?"

"माज्या पयल्या पोरीनं," त्या म्हणाल्या. "तिची गोळी मी येकदम तोडली हुती."