सुकदेवभाऊच्या वाट्याचा रोट आणि कन्नडचा घाट

मुक्काम फागणे, तालुका धुळे
श्रावण वद्य तृतीया

चिरंजीव सुकदेवभाऊस थोरल्या वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

कोण थोरली वहिनी, असं विचारशील म्हणून आधी ओळख देते. फागण्याला तुझे एक थोरले भाऊ होते (नाव मी घेत नाही, तुला आठवत असेल तर तूच घे). त्यांची मी बायको, मंजुळा. माझ्या लग्नात तू पाळण्यात होतास, आणि असा रडलास की भटजींनी दोन मंगलाष्टकं गाळली. माझ्या संसारात पुढे जे जे कमी पडलं ते मी त्या दोन मंगलाष्टकांच्या नावावर टाकत आले आहे. तिकडे निजामाच्या मोगलाईत, कन्नडच्या कापसाच्या जिनात कारकुनी करून प्रकृती बरी आहे ना? तुझा गुडघा, जाऊबाईंचा दमा? इकडे सगळे खुशाल. माझे दात दुखत नाहीत, कारण दात नाहीत. पत्र धाकटी सून कमल लिहिते आहे. मी बोलेन ते सगळं लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलं आहे. (सगळं लिहिते आहे. – कमल)

यंदाही कानबाईच्या सणाला तू आला नाहीस. हे तिसरं वर्ष. तीन वर्षांमागे ताटात करपलेला रोट पडला म्हणून तू ताटावरून उठलास तो थेट चाळीसगावच्या गाडीत जाऊन बसलास. रोट करपला नव्हता, खरपूस होता, पण ते असो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचे रोट करायचे, आणि ते पौर्णिमेच्या आत भाऊबंदांनीच संपवायचे, परक्याच्या तोंडी तुकडा जाऊ द्यायचा नाही, हेही तू विसरला असशील. आम्ही विसरलो नाही. तुझी सव्वा मूठ दर वर्षी निघते. दोन वर्षं तुझा रोट मीच खाल्ला आणि देवीला सांगितलं, त्याचं पोट भरलं असं समज. यंदा देवीलाही ते पटेना. म्हणून सोमवारी कानबाई बोळवली आणि मंगळवारी तुझा रोट फडक्यात बांधून, कमलला घेऊन, धुळ्याहून गाडीने चाळीसगावला उतरले.

पावसामुळे कन्नडची सर्व्हिस मोटार बंद होती. एक हिलाल नावाचा ड्रायव्हर तयार झाला, कापडण्याकडचा. त्याच्या मोटारीला टप होता, पण टपाला पाऊस अडवायची सवय नव्हती. सुकदेवभाऊ, सत्तर वर्षांत डोंगर मी शेताच्या बांधावरून पाहिला, निळी रेघ म्हणून. ती रेघ आतून एवढी हिरवी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वळणावर कड्यावरून पाणी असं पडत होतं, जसं कोणी वर बसून धोतरं पिळतंय आणि त्याची धोतरं संपतच नाहीत. मी म्हटलं, थांबव. दुसऱ्या वळणावर दोन धारा शेजारी शेजारी, जावाजावांसारख्या, एकमेकींवर ओरडत पण एकाच डबक्यात पडत. तिथेही थांबव. आपल्या विहिरीला चैत्रात घागर बुडत नाही, आणि इथे एवढं पाणी कोणाची परवानगी न घेता वाया जातं! मला देवीचा रागही आला आणि हात जोडावेसेही वाटले. असं सात वेळा थांबवलं. हिलालने एकदाही कपाळाला आठी घातली नाही (तुझ्यासारखा नाही).

वरच्या एका वळणावर कठडा आहे. तिथून ढग जरा सरकले आणि खाली सगळा बठ्ठा खान्देश दिसला, सारवलेल्या अंगणासारखा. मी फागणे ओळखलं, आपला पिंपळसुद्धा. हिलाल म्हणाला, "आजी, तो ढग शे." असेल. मला तरी पिंपळच दिसला. एवढ्यात कठड्यावर ठेवलेलं आमच्या भाकऱ्यांचं गाठोडं वानरांनी नेलं. मिरच्यांचा ठेचाही नेला, आणि पुढे काय झालं असेल ते त्यांच्या उड्यांवरून कळलं. तुझा रोट माझ्या मांडीवर होता म्हणून वाचला.

आणि मग पुढच्या वळणावर दरड. आमच्या डोळ्यांदेखत नाही, जरा आधी पडलेली. सात वेळा थांबले नसते तर आम्ही पलीकडे असतो आणि तू रोट खात असतास, हे कमल तीनदा बोलली (हे लिहू नकोस म्हटलं तरी ती लिहिते आहे). मोटार वळवायला जागा नाही, एका अंगाला दरी. रुंद वळणापर्यंत उलटी न्यायची होती. हिलालने मोटारीतून उतरून हँडल मारायला घेतलं, पण ते त्याच्याने फिरेना. कालपासून पोटात काही नाही म्हणाला. आणि आम्हा दोघींचे जीव त्याच हातांत! खायला होता एकच रोट, तोही परक्याला चालत नाही असा.

मी विचारलं, तुमच्याकडे कानबाई येते का?

"येस ना, आजी. पन यंदा मी मोटारवरच व्हतू. मना रोट घर पडेल शे."

बघ, त्याचाही रोट घरी पडलेला, तोही न आलेलाच. मी कमलला सांगितलं, ह्याला कुंकू लाव. मग आभाळाकडे बघून देवीला म्हटलं, बाई, हा माझा धाकटा दीर सुकदेव. आजच्यापुरता डोळा मीट. हिलाल हातात रोट धरून खाईना. म्हणाला, "आजी, आते मी कोन?"

मी म्हटलं, खाताना सुकदेव, मोटार चालवताना हिलाल. चुकून उलटं करू नकोस.

त्याने शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, हात पावसात धुतले, आणि मान बाहेर काढून ती मोटार अशी उलटी उतरवली की मी कडेच्या धारा पुन्हा सगळ्या पाहिल्या, उलट्या क्रमाने. माणूस असा असावा. चाळीसगावच्या स्टेशनावर तो माझ्या पाया पडला आणि मला "वहिनी" म्हणाला.

जाऊबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी वहिनी मंजुळा (अंगठा कमलच्या साक्षीने)

ता.क. पुढच्या कानबाईचं आमंत्रण हिलालला दिलं आहे. तुझा पाट त्याला देणार. तो करपलेल्यावरही उठणार नाही.

ता.क. २. रोट करपला होता. तुझं खरं होतं. मला लांबचं लख्ख दिसतं, घाटातली प्रत्येक धार दिसली, पण तव्यावरचं गेली तीन-चार वर्षं दिसत नाही, आणि हे त्या दिवशी चारचौघांत कबूल करण्यापेक्षा तुला जाऊ देणं सोपं वाटलं. आता तू लांब आहेस म्हणून मला फार स्वच्छ दिसतोस. पुढच्या वर्षी रोट कमल भाजेल.

ता.क. ३. तुझ्या नावाचा गहू आता मी काढणार नाही, माझी मूठ लहान झाली आहे. पाट दोन मांडता येतात, पण सव्वा मूठ ज्याची त्यानेच द्यावी. तर गहू पाठव. निवडलेला, बिनखड्याचा, तुझ्या स्वतःच्या मुठीने मोजलेला. टपालाने नको. तुझ्या हातानेच पाठव, आणि हात येईल तेव्हा बाकीचा तूही ये.